उघडं दार आणि रोजची भाकर

आमच्या मराठी ख्रिस्ती घरांमधून 'साक्ष' हा शब्द इतक्या वेळा कानावर पडतो की लहानपणी मला वाटायचं, आपले सगळे नातेवाईक कोर्टात कामाला आहेत की काय! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं, म्हणजे साक्ष देणं. उपासनेत देतात, प्रार्थनासभेत देतात, कोणाच्या साठीच्या कार्यक्रमात देतात. काही फार सुंदर असतात. काही इतक्या लांबतात की पाळकसाहेब घड्याळाकडे बघायला लागतात आणि मागे करंज्या गार होतात (करंज्या गार झाल्या तरी चालतात, पण चहा चालत नाही).

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरातली दोन माणसं. एक माझा मामेभाऊ. रोज पहाटे साडेपाचला त्याच्याकडून गुलाबाच्या फुलावर छापलेलं वचन येतं. घरातल्यांना येतं, सोसायटीतल्यांना येतं, गॅसवाल्यालाही जात असावं. दुसरा माझा भाचा. हिंजवडीला नोकरी करतो आणि नाताळ अन् ईस्टर सोडला तर चर्चची पायरी चढत नाही. तो मला म्हणाला, "मावशी, देव असेल तर तो मला रविवारी सकाळी साडेआठलाच, बाकावर बसूनच का भेटायला हवा?" दोघांना वाटतं आपण अगदी दोन टोकांना आहोत. मला तसं वाटत नाही. देव म्हणजे काहीतरी वेगळं बोलायची, वेगळ्या ठिकाणी जायची गोष्ट आहे हे दोघांनीही धरून ठेवलंय. एक ते मनापासून करतो, दुसरा करत नाही, इतकाच फरक.

आता शुभवर्तमानं उघडून बघा. येशूनं सेवेला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता असं लूक लिहितो. त्याआधीची वर्षं नासरेथ नावाच्या एका लहानशा गावात, सुताराच्या घरात गेली. त्या वर्षांबद्दल बारा वर्षांचा असताना मंदिरात मागे राहिला ती एक गोष्ट सोडली तर जवळपास काहीच लिहिलेलं नाही. रंधा मारला, चौकटी बसवल्या, गिऱ्हाईकांनी पैसे द्यायला उशीर केला असेल, आईला पाणी आणून दिलं असेल. देव माणूस होऊन आला आणि आयुष्याचा बराचसा भाग त्यानं असा घालवला! मी हा विचार पहिल्यांदा नीट केला तेव्हा मला जरा धक्काच बसला होता. कारण आम्हाला संडेस्कूलमध्ये शिकवलं ते सगळं चमत्कारांचं. आणि चमत्कार संपल्यावर, पुनरुत्थानानंतर, काय करतो? योहानाच्या शेवटच्या अध्यायात समुद्रकाठी निखाऱ्यावर मासे भाजून, रात्रभर दमलेल्या शिष्यांना न्याहारीला हाका मारतो. अम्माऊसच्या वाटेवर दोघांशी मैलोन् मैल शास्त्रावर बोलला तेव्हा त्यांनी त्याला ओळखलं नाही. जेवायला बसल्यावर भाकर मोडली तेव्हा ओळखलं.

भाकर हा शब्दही बघण्यासारखा आहे. प्रभूच्या प्रार्थनेत इंग्रजीत जिथे ब्रेड आहे, तिथे मराठीत भाकर आहे. ज्या कोणाला हा शब्द सुचला त्यांना माझा सलाम. ब्रेड बेकरीतून येतो, भाकर घरात रोज थापावी लागते. ज्वारीचं पीठ जास्त दिवस ठेवलं की विरी जाते, मग भाकरी थापताना कडेनं चिरते. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळायचा तोही असाच. त्या दिवसापुरता गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला तर किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. मला वाटतं आपली श्रद्धाही बरीचशी अशीच आहे. तरुणपणी कधीतरी शिबिरात झालेल्या एका अनुभवावर चाळीस वर्षं काढणारी माणसं मी पाहिली आहेत. तो अनुभव खोटा होता असं मी म्हणत नाही. पण पीठ जुनं झालंय. (शिळी भाकरी दह्याबरोबर छान लागते हे मला माहीत आहे, भाऊ. पण एक दिवसाची शिळी, चाळीस वर्षांची नव्हे!)

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. आधी सैनिक होते, पायानं अधू झालेले. मठात त्यांना स्वयंपाकघरात टाकलं आणि ते काम त्यांना मुळीच आवडत नव्हतं. नंतर चपला दुरुस्त करायलाही बसवलं. हे गृहस्थ भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलायला शिकले आणि प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्याला फरक उरला नाही असं सांगू लागले. १६९१ मध्ये ते वारले, त्यानंतर त्यांची पत्रं आणि संभाषणं जमवून एक छोटंसं पुस्तक झालं ते आज जगभर वाचतात. मलाही ते आवडतं. पण वाचताना प्रत्येक वेळी वाटतं, की बाबा, तुम्हाला सासूबाई नव्हत्या, मुलांचे डबे नव्हते, स्वारगेटची बस नव्हती! आणि हे सगळं सांभाळून देवाचं नाव घेणाऱ्या बायका आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत्याच. जात्यावर विठ्ठलाला सोबतीला बसवणारी जनाबाई पुण्यातल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे, फ्रान्सहून कोणी येऊन सांगायला नको. रेव्हरंड टिळक तर म्हणायचेच की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो.

असो. पुण्याकडे येते.

आपल्या शहरात ख्रिस्ती माणसांवरून झालेली सगळ्यांत गाजलेली भानगड कुठली? एखाद्या प्रवचनावरून झालेली नाही, चहावरून झालेली आहे! ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या बड्या बड्या मंडळींना बोलावणं गेलं. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतलं, काहींनी नुसता हात लावून कप खाली ठेवला. आणि गोपाळराव जोशींनी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, भारी वल्ली होते) हजर असलेल्यांची नावं छापून आणली. मग ग्रामण्य, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्तं. गुरुवार पेठेतला तो घंटांचा मनोरा आजही तिथेच आहे. त्याच्याखालून जाताना मला दर वेळी हसू येतं. व्याख्यान काय झालं ते कोणाच्या लक्षात नाही, चहा सव्वाशेहून जास्त वर्षं लक्षात आहे.

आणि याच सुमाराला, नोव्हेंबर १८९० मध्ये, पंडिता रमाबाई आपलं शारदासदन मुंबईहून पुण्याला घेऊन आल्या. मला जे म्हणायचंय ते खरं तर त्यांच्याच गोष्टीत आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. पुढे अमेरिकेत हिंडून, तिथल्या लोकांच्या मदतीवर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन काढलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि घर. अट अशी की धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापल्या रीतीनं राहावं, आपलं सोवळं पाळावं. रमाबाईंनी हे मान्य केलं आणि पाळलंही. त्यांची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, म्हणजे आपल्या महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई, बाया कर्वे. ती हिंदूच राहिली आणि रमाबाईंवर माया करत राहिली.

पण रमाबाई स्वतः आपल्या खोलीत मनोरमेला, आपल्या लेकीला, जवळ घेऊन बायबल वाचायच्या आणि प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. बोलावलं नव्हतं, हाकललंही नाही. झालं! १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'नं रान उठवलं. सल्लागार मंडळावरचे रानडे आणि भांडारकर यांनी अंग काढून घेतलं. पालकांनी मुली काढून नेल्या.

मी शाळेत असताना ही गोष्ट ऐकली तेव्हा मला वाटलं होतं, एकीकडे रमाबाई चांगल्या, दुसरीकडे सगळे वाईट. आता असं सोपं वाटत नाही. रानडे आणि भांडारकर कोत्या मनाचे नव्हते. दोघंही प्रार्थना समाजाचे, दोघंही रोज देवापुढे बसणारे. त्यांना काळजी होती ती अशी, की ज्या मुलीचं डोकं भादरलंय, जिला माहेर-सासर दोन्ही उरलं नाही, जिला ही बाई जेवू घालते, शिकवते, पोटाशी धरते, तिच्यासाठी 'दार उघडं आहे, यायचं तर ये' हे खरंच इतकं मोकळं असतं का? हा प्रश्न बरोबर आहे. आजही बरोबर आहे. आणि 'धर्मांतर' हा शब्द नुसता उच्चारला तरी ज्या काळात माणसं सावध होऊन बसतात त्या काळात आपण ख्रिस्ती लोकांनी हा प्रश्न दुसऱ्यानं विचारायच्या आधी स्वतःला विचारावा असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या बाईंच्या हातात मी कधी पत्रक ठेवत नाही. त्यांना 'नको' म्हणणं अवघड आहे हे मला कळतं. त्यांच्या बाबतीत माझा धर्म म्हणजे महिन्याच्या १ तारखेला पगार, आठवड्याची सुट्टी, पोरगी आजारी असली तर न कुरकुरता रजा. आणि हे सोपं नाहीये हो! पत्रक देणं याच्यापेक्षा पुष्कळ सोपं.

पण मग दुसरी बाजू. रमाबाईंनी काय करायला हवं होतं, दार लावून घ्यायचं? त्यांनी तो सल्ला मानला नाही. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. लपवून करायची प्रार्थना, जणू काही दारू पितोय, ही कसली प्रार्थना? आपल्यातले पुष्कळ जण हेच करतात. ऑफिसात डबा उघडताना क्षणभर डोळे मिटायला लाजतात. कोणी विचारलं तर 'आम्ही तसे काही फार धार्मिक नाही' असं घाईघाईनं सांगून टाकतात. भाच्या, हे तुला आहे. तुझे चर्चमधल्या बाकावरचे आक्षेप मला बरेचसे पटतात. पण आठवड्यातले बाकीचे सहा दिवस तू त्याला कुठे भेटायचा प्रयत्न केलास ते सांग. बाकावर भेटत नाही म्हणून कुठेच शोधायचं नाही, हे काही उत्तर नव्हे.

रमाबाईंचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, केडगावच्या माळावर त्यांना ठेवलं, तिथे मुक्तिसदन उभं राहिलं. परदेशातल्या लोकांना केडगाव माहीत आहे ते १९०५ मध्ये तिथे झालेल्या मोठ्या आध्यात्मिक जागृतीसाठी. त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. मला मात्र तिथल्या विहिरी, शेत, तेलाचा घाणा, हातमाग जास्त बोलतात. आणि छापखाना! रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या, बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं, कित्येक वर्षं खपून. खिळे जुळवणं, छापणं हे काम तिथल्याच मुलींनी केलं. ज्यांना चार वर्षांपूर्वी कोणी वाटीभर पेज दिली नसती त्या मुली ओळीओळीनं देवाचं वचन जुळवत होत्या. मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या. आणि ते भाषांतर हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. लेक गेल्यावर उरलेल्या महिन्यांत ती बाई रोज सकाळी त्या टेबलापाशी जाऊन बसली असेल, याचा मी कधी कधी विचार करते.

लक्ष्मीबाई टिळकांचंही थोडं सांगायलाच हवं, नाहीतर आमच्या नगरच्या आत्या रागावतील (नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर). नारायणराव १० फेब्रुवारी १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. पुढे परत नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं-ओवळं आणि चूल वेगळीच. बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे' वाचा म्हणजे कळेल, नवरा-बायकोत वाद थोडे झाले नाहीत. टिळक मोठे कवी, मोठे वक्ते, पण बायकोपुढे त्यांचं वक्तृत्व चाललं नाही! लक्ष्मीबाई बदलल्या त्या स्वतःच्या डोक्यानं, आणि कशावरून, तर कोणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कोणाच्या हातचं नाही यावरून. माणसामाणसांत हा भेद देवानं केला की आपण, असा त्यांनी एकटीनं बसून विचार केला आणि एकदा उत्तर सापडल्यावर सगळ्यांच्या हातचं खायला-प्यायला लागल्या. बाप्तिस्मा नंतर. आधी पाण्याचा तांब्या. क्रम लक्षात घ्या.

मी एका बँकेत तीस वर्षं काउंटरवर काढली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्या आजी-आजोबांची रांग लागायची. सही जुळत नाही, हात थरथरतो, चष्मा घरी राहिला, 'बाई, पुन्हा एकदा सांगा ना'. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू म्हणतो की तुम्ही या लहानांतल्या एकासाठी केलं ते माझ्यासाठी केलं. तो अध्याय मला पाठ होता. पण काउंटरच्या पलीकडे, बारा वाजता, पंख्याखाली घामेजलेला, ऐकू न येणारा जो माणूस उभा आहे तोच हा, हे ओळखायला मला प्रत्येक वेळी नव्यानं जोर लावावा लागायचा. कधी जमायचं. ज्या दिवशी जमायचं त्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेत शब्द फारसे लागायचे नाहीत. देव शोधायचा म्हणजे काय असं कोणी मला विचारलं तर मी एवढंच सांगू शकते.

माझे ख्रिस्ती नसलेले वाचकही बरेच आहेत. तुम्हाला हे सगळं परकं वाटत असेल तर एक करा. शनिवार पेठेत स्नेहसदन म्हणून येशूसंघी फादरांचं एक घर आहे, फादर लेडर्ले यांनी सुरू केलेलं. ऐन पेठेत, शेजाऱ्यांमध्ये राहून वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी एकमेकांशी बोलावं यासाठी. किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मिळवा. त्यालाच २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. २०२४ मध्ये फादर गेले. त्यांची मराठी वाचून तुम्हाला वाटणार नाही की कोणी तुमच्या गळ्यात काही बांधतंय. लूकपासून सुरू करा. रोज एक पान. पटो न पटो.

आणि आता जे लिहायला मी दोन आठवडे टाळत होते ते.

आमच्या घराण्यात दोन भाऊ आहेत. नावं लिहीत नाही, दोघंही हे वाचतात. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. एकाच चर्चला जातात. एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे. दोघंही दशांश देतात, दोघांच्याही घरी रोज रात्री कुटुंबप्रार्थना होते, दोघांचीही साक्ष ऐकून माणसं रडलेली मी पाहिली आहेत. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघंही प्रभूभोजन घेतात. एकाच भाकरीतलं.

येशूनं याबद्दल काही संदिग्ध ठेवलेलं नाही. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. मत्तय, पाचवा अध्याय. यात 'चूक त्याची असेल तर' असं कलम नाही, मी पुन्हा पुन्हा शोधलं. वकिलाचं काय म्हणणं आहे तेही विचारलेलं नाही. देव पलीकडच्या भावाच्या दारात उभा आहे आणि आपण त्याला इकडे गाणी म्हणून बोलावतोय, असं काहीसं मला हल्ली त्या बाकावर बसल्यावर वाटतं, आणि गाण्यात लक्ष लागत नाही.

कोणी म्हणेल, घरातल्या गोष्टी अशा चारचौघांत कशाला? मी दोघांशीही स्वतंत्रपणे बोलून झालंय. दोघांनीही चहा दिला आणि विषय बदलला. त्या दोघांच्या मुलांची आपसात छान मैत्री आहे, कळू न देता भेटतात. आपल्या बापांनी शिकवलेला देव आणि आपल्या बापांचं वागणं यांची जुळणी ती पोरं कशी लावत असतील? माझा भाचा त्यांच्यातलाच एक आहे. त्याच्या बाकावरच्या प्रश्नाचा उगम कुठे आहे ते आता तुम्हाला कळलं असेल.

तर, नोव्हेंबरात थंडी पडली की केडगावला जायचा बेत आहे. दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं, सकाळी पुण्याहून निघायचं, साठेक किलोमीटर तर अंतर. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी करीन, लोणचं आत्या आणतील. भाचा येतो म्हणालाय. मामेभाऊही येतोय, त्याला सांगितलंय की त्या दिवशी पहाटे गुलाब पाठवू नकोस, स्वतःच ये. त्या दोघा भावांना मी वेगवेगळं कळवलेलं नाही. इथेच लिहितेय, दोघांनाही एकदम. तिकिटं मी काढते.